पुजलेलं टर्बाइन

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाई तर येणाऱ्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतात, "सून गुणाची हाय, फक्त तिचं काम चालू असताना काही इचारू नका." मला याचा राग येत नाही. म्हणजे येतो, पण थोडाच.

माझं काम म्हणजे फिरणाऱ्या यंत्रांचं कंपन मोजणं. अंगठ्याएवढा सेन्सर असतो, खाली लोहचुंबक. फिरणारा दांडा ज्या बेअरिंगवर टेकलेला असतो त्याच्या अंगावर तो चिकटवायचा, वायर आपल्या पेटीला जोडायची आणि बाहेर बसून आतलं दुखणं ओळखायचं. पातं झिजलं, बेअरिंग खराब झालं, दांडा वाकला, प्रत्येकाची थरथर निराळी. पुण्याच्या एका कंपनीत मी हे शिकले, तिथंच नोकरी केली, आणि लग्न करून परत माझ्या गावी, ब्रह्मपुरीला आले. नवरा इथल्या शाळेत मास्तर आहे.

आमच्या भागात फिरणाऱ्या यंत्रांना काय तोटा? चंद्रपूरकडं वीज, सिमेंट, कोळसा. इकडं वैनगंगेच्या दोन्ही काठांना तांदळाच्या गिरण्या. तरी मोजणारं माणूस येणार ते हैदराबादहून, नाहीतर पुण्याहून. नागपूरपर्यंत विमान, पुढं गाडी, मुक्काम, सगळी बडदास्त. मी माझी पेटी घेऊन दारोदार हिंडले. चहा सगळ्यांनी पाजला, काम कुणी दिलं नाही. "ब्रह्मपुरीच्याच का तुम्ही?" असं विचारताना त्यांचा चेहरा असा पडायचा, की जणू मी तपासायला नाही, उसनी साखर मागायला आले आहे. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

पुण्याच्या साहेबांनी माझी जागा अजून भरली नव्हती. त्यांचा फोन आला, "दसरा होऊ दे, मग हो की नाही ते सांग. त्यापुढे मला थांबता येणार नाही." रात्री जेवताना नवऱ्याशी बोलून ठरवलं. तोवर एक तरी काम मिळालं आणि ते निभावलं, तर इथंच राहायचं. नाहीतर तो बिनपगारी रजा टाकणार आणि आम्ही बिऱ्हाड बांधणार. तो बिचारा तयार होता. मलाच जायचं नव्हतं. पुणं वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण मला आपल्या गावात, आपल्या माणसांशी रोज भांडत राहायचं होतं. एवढीच माझी हौस.

आणि दसऱ्याच्या तोंडावर काम आलं. नदीपलीकडे, वडशाच्या बाजूला, धानाच्या तुसावर चालणारा एक छोटा वीज कारखाना आहे. गिरण्यांतून निघालेलं तूस जाळायचं, पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचं. त्या टर्बाइनची थरथर पावसाळ्यापासून वाढत चालली होती. नवं धान निघालं की तुसाचे ट्रक दारात उभे राहणार आणि तेव्हा मशीन बंद पडली तर सगळ्यांनाच घरी बसावं लागणार. हैदराबादवाले दिवाळीपर्यंत रिकामे नव्हते, म्हणून मॅनेजरसाहेबांना माझी आठवण झाली. त्यांनी फोनवरच सांगून टाकलं, "पाहा मॅडम, तुमच्यानं झालं तर ठीक. नाई झालं तर रोटर उचलून हैदराबादलेच न्या लागते."

साहेब गोरे, गोल, आणि कायम पांढऱ्या शर्टात. तुसाच्या कारखान्यात पांढरा शर्ट घालणारा माणूस एक तर फार शूर असतो, नाहीतर त्याचे शर्ट बायको धुते. त्यांच्या हाताखाली टर्बाइनवर एक जुने ऑपरेटर होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ कारखान्याच्या आवारातच राहायचे. आणि एक फिटर होता, काटक, चपळ, कुठल्याही फटीत शिरणारा.

दुखणं मला लवकर कळलं. रोटर, म्हणजे पात्यांसकट फिरणारा दांडा, एका अंगाला जड झाला होता, वाफेबरोबर आलेला क्षार पात्यांवर बसला असावा. छताचा पंखा डुलतो तेव्हा आपण काय करतो? एका पात्यावर वायसर चिकटवतो आणि बघतो, डुलणं कमी झालं की वाढलं. तेच इथं करायचं, फक्त हिशेबानं. आधी आहे तसं मोजायचं. मग एक छोटा बोल्ट लावून पुन्हा मोजायचं. दोन्हींतल्या फरकावरून पेटी सांगते, खरं वजन किती आणि कुठं लावायचं. बोल्ट लावायला जागा असतेच. टर्बाइन जनरेटरला जिथं जोडलेलं असतं तिथं एक जाड चकती असते, कपलिंग म्हणतात तिला. तिच्या कडेला चहूकडून भोकं असतात.

यासाठी दोन सेन्सर लागतात. एक चुंबकाचा, तो सांगतो किती हलतंय. दुसरा उजेडाचा, तो सांगतो कुठं जड आहे. मी दांड्यावर एक चकचकीत चंदेरी पट्टी चिकटवते आणि हा सेन्सर तिच्यावर लाल किरण सोडतो. पट्टी समोरून गेली की किरण उलटून येतो आणि पेटीला समजतं, फेरा इथून सुरू झाला. सगळं मोजमाप त्या पट्टीपासून.

भट्टी साफ करायला मशीन थांबलं होतं तेव्हा मी पट्टी चिकटवली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीन चालू असताना पहिलं माप घेतलं. छान, स्वच्छ माप आलं. दसऱ्याला सकाळी पूजेसाठी मशीन थांबवलं, तेव्हा फिटरकडून चाचणीचा बोल्ट लावून घेतला. भाऊ म्हणाले, "मॅडम, थांबा ना पूजेले. आमची घरवाली येते, सगळं साग्रसंगीत करते." पण घरी सासूबाई पाट मांडून बसल्या होत्या. मी म्हटलं, "कपलिंगवरची जाळी नीट बसवून मगच मशीन चालू करा," आणि सोनं वाटायला घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर कारखाना कसा नवरीसारखा सजला होता. दारांना झेंडूचं तोरण, पंपाच्या अंगावर स्वस्तिक, कंट्रोल रूमच्या टेबलावर आपट्याची पानं. मशीन जाळीआड फिरत होतं. मी माप घेतलं आणि मनात पाल चुकचुकली. थरथर जवळपास पहिल्याएवढीच होती, पण जड बाजू पार फिरून समोरच्या अंगाला गेलेली. एवढ्याशा बोल्टनं एवढा मोठा फरक? पण साहेब खांद्यामागं उभे. "काय झालं मॅडम? काय म्हणते पेटी?" दर दोन मिनिटांनी हेच. माझं काम चालू असताना काही विचारू नये, हे त्यांना सांगायला सासूबाई तिथं नव्हत्या.

मी पेटीनं सांगितलं ते मान्य केलं. मशीन थांबवलं, जाळी काढायला लावली. जागा अशी अरुंद, की एकच माणूस आत शिरणार. फिटर शिरला. मी बाहेरून ओरडून सांगितलं, "पट्टीपासून उजवीकडे मोज, आणि सांगते त्या भोकात बोल्ट लाव." त्यानं लावला. जाळी बसली, मशीन चालू झालं, वेग वाढत गेला, आणि कंट्रोल रूममधून भोंगा वाजायला लागला. थरथर दुपटीच्या वर. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. भाऊंनी तातडीनं वाफ तोडली.

 साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही कमी करून राह्यल्या का वाढवून?"

 साहेबांनी तिथंच उभं राहून हैदराबादला फोन लावला. रोटर काढून पाठवतो, जमेल तेव्हा करा, पण जागा धरून ठेवा. मग गाडीवाल्याला फोन, उद्या सकाळी ट्रक पाठव. मग माझ्याकडे वळून, "झालं तुमचं. पेटी भरून घ्या." मी म्हटलं, मशीन गरम आहे, उघडायला संध्याकाळ होईलच. तोवर मला बसू द्या. ते म्हणाले, "बसा. बसायले कोण नाई म्हणते?"

मी तिथंच एका उलट्या बादलीवर बसले. खरं सांगते, रडू फुटायच्या बेतात होतं. पुण्याचं घर, तिथली खिडकी, सगळं डोळ्यांपुढं आलं. आणि त्याच वेळी एक सोपा रस्ताही दिसला. जड बाजू अशी अचानक फिरली की जाणकार माणूस पहिला संशय घेतो तो दांड्याला तडा गेल्याचा. "दांड्याला तडा असू शकतो, रोटर पाठवाच" एवढं म्हटलं असतं, की माझी अब्रू शाबूत. उलट वाहवा, की मॅडमनं वेळेवर ओळखलं. पुढं हैदराबादेत काही निघालं नाही तर नाही, कोण विचारायला येतंय?

पण मला ते पटेना. तडा गेला असता तर थरथरीचा नमुनाच बदलला असता. तो तर तसाच होता. बदललं होतं ते फक्त 'कुठं'. दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर आत काहीतरी फिरलं, नाहीतर माझा बघणारा सेन्सर चकला. आणि बघणारा चकला असेल तर तो कशाकडे बघतोय? मी उठले आणि म्हटलं, "जाळी काढा. मी आत जाते."

फिटर म्हणाला, "तुमच्यानं नाई होईन मॅडम, लई अडचणीची जागा हाय." मी ओढणी कमरेला खोचली आणि शिरले. आत असं उकडत होतं की विचारू नका. मोबाइलच्या उजेडात आधी माझी पट्टी सापडली. तिच्यावर हळद, हळदीवर कुंकू, कुंकवावर तेलाचा हात. चमक अशी काही उरलीच नव्हती. दांडा हातानं थोडा फिरवायला सांगितला. अर्धा फेरा झाला आणि पलीकडच्या अंगाला काहीतरी लखकन चमकलं.

टिकली. चांगली मोठी, लाल, कडेनं सोनेरी खड्यांची. लग्नात लावतात तसली.

माझा सेन्सर कालपासून त्या टिकलीला पट्टी समजत होता. पहिलं माप पट्टीपासून, दुसरं टिकलीपासून, आणि पेटीनं बिचारीनं दोन्हींचा इमानेइतबारे हिशेब केला होता. मी बाहेर आले ती तोंडभर काजळी घेऊन. "आत टिकली कोणी लावली?"

 मी फिटरकडे वळले. "तू पूजेनंतर आत गेला होतास. तुला दिसली नाही?"

"दिसली ना जी."

"मग सांगितलं काऊन नाई?" माझी पुण्याची भाषा तिथंच गळून पडली.

"देवाची टिकली हाय मॅडम. तिच्याबद्दल काय सांगू? मशीनले पुजलं तर टिकली राहणारच."

 तेवढ्यात भाऊंची बायको डबा घेऊन आली. ठसठशीत बाई, नाकात कालच्या पूजेची नथ तशीच. गलका ऐकून तिनं डबा खाली ठेवला. "मीनं लावली. काऊन, काय झालं?"

मी सगळं सांगितलं, आवाज चढवूनच सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "हे पाय पोरी, एवढी वर्षं मी या मशीनची पूजा करून राह्यली. हिच्यावर आमचं घर चालते. लेकीवानी हाय मले. आन तू लावलेली पट्टी पाह्यली तं मले वाटलं, कोणंतरी चांदीचं लेणं घातलं हिले. म्हणून त्याले बी हळदकुंकू वाह्यलं. आन टिकलीचं म्हणशीन, तं ते मले नाई, साहेबायले इचार."

सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेब छताकडे.

"गेल्या साली मीनं कुंकवाचा टिळा लावला होता," बाई म्हणाली. "साहेबायनं नारळ फोडला, पुढं उभे राह्यले, मशीन चालू केली, आन सगळं कुंकू उडून यायच्या शर्टावर. नवा शर्ट. घरी जाऊन काय ऐकलं असन ते त्यायलेच ठाऊक. म्हणून औंदा म्हणाले, बाई, कुंकू नको, टिकली लावा, चिपकून राहते."

आपलेच दात, आपलेच ओठ. भाऊंनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मी आधी दात-ओठ खाल्ले, मग साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला हसू आवरेना. बादलीवर बसून हसले. साहेबही शेवटी हसले, आपल्या शर्टाकडे बघत.

हसून झालं तरी टिकली आतच होती. ती काढणार कोण? फिटर म्हणाला, पुजलेल्याले मी हात नाई लावत. भाऊंनीही नकाराची मान हलवली. मी काढते म्हटलं तर बाईनं अडवलं. "तू नको. लेकीचं कुंकू पुसतात का असं?" मग थोडा विचार करून म्हणाली, "पुसायचं नाई. जागा बदलवली तं चालते." मी म्हटलं, बदला बाई, कुठंही लावा, फक्त जे फिरत नाही तिथं लावा. ती पदर खोचून स्वतः आत शिरली. बाहेरूनच मी मशीनशी चाललेलं तिचं बोलणं ऐकत होते, माय जरा सरक, राग नको धरू, असं काहीबाही. टिकली काढून तिनं बेअरिंगच्या वरच्या झाकणावर लावली, मधोमध. आता ती कुणाच्या डोळ्यात जाणार नव्हती. मी पट्टी पुसून लखलखीत केली. चुकीच्या जागी लावलेला बोल्ट काढला, चाचणीचा बोल्ट होता तसा ठेवला आणि मशीन चालवून पुन्हा माप घेतलं. या वेळी जड बाजू थोडीशीच सरकली होती, सरकायला हवी तेवढीच.

हिशेबाचं भोक आलं ते बरोबर दुसऱ्या अंगाचं. मशीन थांबवून निवायला वेळ गेला, तेवढ्यात बाईनं सगळ्यांना डब्यातले लाखोरीच्या डाळीचे वडे वाटले. मी वडा हातात धरून हिशेब पुन्हा तपासत बसले. पुन्हा चुकलं तर तिसरी संधी कुणी देणार नव्हतं, आणि द्यावी असं मीही म्हटलं नसतं. फिटरनं बोल्ट कसला. भाऊंनी वाफ सोडली.

वेग चढत गेला. ज्या टप्प्यावर सकाळी भोंगा वाजला होता तो टप्पा आला आणि गेला. आकडा वर चढला, थबकला आणि खाली यायला लागला. खाली, अजून खाली. मी सेन्सर काढून दुसऱ्या जागी लावला, माझा विश्वासच बसेना. तिथंही तेच. साहेबांनी खिशातून एक नाणं काढलं, झाकणावर कडेवर उभं केलं आणि हात काढून घेतला. नाणं उभंच राहिलं.  नुसता मशीनचा एकसारखा आवाज.

मग साहेबांनी फोन काढला. आधी गाडीवाल्याला, ट्रक नको. मग हैदराबादला. पलीकडून काहीतरी लांबलचक विचारत असावेत. साहेब ऐकत राहिले, मग म्हणाले, "नहीं जी, हो गया. यहीं की है, अपनी ब्रह्मपुरी की."

हे असं कुणी म्हणावं म्हणून मी किती दारं झिजवली होती. डोळे भरून आले, आणि या वेळी मी ते येऊ दिले. काजळीच्या तोंडावर तसंही काही दिसणार नव्हतं. बाई तेवढी बघत होती. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, चांगलं खसाखसा.

नवरा मोटारसायकल घेऊन फाटकाशी आला होता. मला पाहून त्यानं काही विचारलं नाही, त्याला माझा स्वभाव माहीत आहे. मी म्हटलं, दोन मिनिटं थांब, आणि पुण्याला फोन लावला.

"बोल," पुण्याचे साहेब म्हणाले. "काय ठरलं? तिकीट काढायला सांगू?"

इतकी वर्षं मी त्यांच्याशी अगदी जपून, शुद्ध, छापल्यासारखी बोलत आले होते. त्या दिवशी ते काही जमलं नाही.

"नाई सर," मी म्हटलं. "मी नाई येऊन राह्यली. मले इथी लई काम हाय."